चित्र-संपादनातील अनडू-रीडू : सोय, रचना आणि मर्यादा

चित्र-संपादन सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल मागे घेणे म्हणजे अनडू आणि मागे घेतलेला बदल पुन्हा लागू करणे म्हणजे रीडू. संगणकावर चित्रकाम करणाऱ्याच्या हाताला या दोन आज्ञांची इतकी सवय झालेली असते की ‘कंट्रोल झेड’ दाबताना त्याला कीबोर्डकडे पाहावेही लागत नाही. मात्र ही सोय कशावर उभी आहे, ती किती मागे नेते, कोणत्या क्षणी संपते आणि ती संपल्यावर काय हाती उरते, याची माहिती तितकी सर्वत्र नसते. या लेखात अनडू-रीडूचा उगम, आतली रचना, सॉफ्टवेअरगणिक पडणारे फरक आणि मर्यादा यांचा क्रमाने आढावा घेतला आहे. उदाहरणे मुख्यतः पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातल्या कामांची आहेत.

या पट्ट्यात चित्र-संपादन दोन वेगळ्या ठिकाणी चालते. पहिले ठिकाण म्हणजे चिंचवड, निगडी, भोसरी, चाकण इथली फ्लेक्स, डीटीपी आणि फोटो स्टुडिओची दुकाने. वाढदिवस, यात्रा, बैलगाडा शर्यत, उद्घाटन, दशक्रिया विधी, लग्नाचा अल्बम अशी कामे तिथे रोज येतात. दुसरे ठिकाण म्हणजे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग. तिथे सदोष भागाच्या फोटोवर लाल वर्तुळ काढणे, काय्झेनच्या, म्हणजे सततच्या लहान सुधारणांच्या, फलकासाठी ‘आधी-नंतर’चे फोटो लावणे, यंत्रावर चिकटवायच्या कार्यसूचना तयार करणे, पॅकिंगच्या लेबलात बदल करणे ही कामे गुणवत्ता आणि उत्पादन विभागातली माणसे करतात. पहिल्या ठिकाणी काम करणारा स्वतःला डिझायनर किंवा ऑपरेटर म्हणवतो. दुसऱ्या ठिकाणचा माणूस अभियंता किंवा निरीक्षक असतो, चित्र-संपादन हे त्याचे मुख्य काम नसते. पण बदल मागे घेण्याच्या सोयीवर दोघेही सारखेच विसंबून असतात.

उगम

फोटो आणि जाहिरातीचे काम हाताने होत असे तेव्हा बहुतेक बदल कायमचे असत. निगेटिव्हवर पेन्सिलने केलेले रिटचिंग, आर्टवर्कवर डिंकाने चिकटवलेले अक्षरांचे कागद, कापडी फलकावरचा ऑइल पेंट यांत दुरुस्तीला वाव असला तरी तो फार थोडा होता. खरवडणे, पुसणे किंवा वरून दुसरा थर देणे एवढेच हाती असे. आधीची अवस्था जशीच्या तशी परत आणता येत नसे.

संगणकावर ही सोय आधी मजकुराच्या कामात आली. 1968 च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात अँड्रिस व्हॅन डॅम यांच्या गटाने तयार केलेली ‘फ्रेस’ ही मजकूर-संपादनाची प्रणाली अनडू देणाऱ्या सर्वांत जुन्या प्रणालींमध्ये गणली जाते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वॉरेन टाइटलमन यांनी लिस्प या संगणक-भाषेत काम करणाऱ्यांसाठी केलेल्या साधनातही ही आज्ञा होती. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या प्रयोगांतून आणि 1984 मध्ये बाजारात आलेल्या अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकातून ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. कीबोर्डच्या खालच्या ओळीत डावीकडे शेजारी-शेजारी असलेल्या झेड, एक्स, सी आणि व्ही या कळांना अनडू, कट, कॉपी आणि पेस्ट ही कामे नेमून देण्याची पद्धत मॅकिंटॉशमुळे रुळली. नंतर विंडोजनेही ती स्वीकारली.

चित्रांसाठी ही सोय घराघरांत नेणारे सुरुवातीचे साधन म्हणजे मॅकिंटॉशबरोबर आलेले बिल अ‍ॅटकिन्सन यांचे मॅकपेंट. त्यात फक्त एकच पायरी मागे जाता येत असे. संगणकाची स्मृती तुटपुंजी असल्याने चित्राची आत्ताची अवस्था आणि त्याच्या लगेच आधीची अवस्था एवढेच जपणे शक्य होते. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी घडवलेले आणि अडोबीने फेब्रुवारी 1990 मध्ये बाजारात आणलेले फोटोशॉपही पहिली आठ वर्षे एकाच पायरीवर अडून होते. 1998 मध्ये आलेल्या 5.0 या आवृत्तीत हिस्टरी पॅलेट मिळाले आणि अनेक पायऱ्या मागे जाण्याचा मार्ग मोकळा झाला.

याच काळात मानव-संगणक संवादाच्या अभ्यासकांनी अनडूला तत्त्वाचे स्थान दिले. बेन श्नायडरमन यांच्या आठ नियमांत ‘कृती सहज मागे घेता यावी’ हा एक नियम आहे. याकोब नील्सन यांच्या 1994 च्या दहा निकषांतही वापरकर्त्याच्या स्वातंत्र्याखाली अनडू-रीडूचा उल्लेख येतो. यामागचा विचार सरळ आहे. चूक सुधारता येईल याची खात्री असली की माणूस नवे काही करून पाहतो. खात्री नसली तर तो जेवढे येते तेवढ्यावरच थांबतो. नवशिक्या ऑपरेटर एखादा फिल्टर बिनधास्त लावून पाहतो आणि त्यातून शिकतो, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या सोयीला आहे.

आतली रचना

अनडू राबवण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पहिल्या पद्धतीत प्रत्येक बदलाआधीची अवस्था साठवून ठेवली जाते आणि अनडू केल्यावर ती परत आणली जाते. दुसरीत अवस्था साठवली जात नाही. कोणती आज्ञा दिली होती याची नोंद राहते आणि मागे जाताना तिची उलट आज्ञा चालवली जाते. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी 1994 मध्ये लिहिलेल्या सॉफ्टवेअर-रचनेवरील प्रसिद्ध पुस्तकात या दोन पद्धतींना अनुक्रमे ‘मेमेंटो’ आणि ‘कमांड’ अशी नावे आहेत.

कोरलड्रॉसारख्या रेषाधारित सॉफ्टवेअरला दुसरी पद्धत सोयीची पडते. चौकोन उजवीकडे 5 सेंटिमीटर सरकवला असेल तर तो डावीकडे 5 सेंटिमीटर सरकवला की काम झाले. पिक्सेलच्या चित्रात मात्र उलट आज्ञा बहुधा उपयोगी पडत नाही. समजा, एका फोटोत शेजारच्या दोन पिक्सेलची उजळता 245 आणि 250 आहे. 8 बिटच्या चित्रात कमाल मूल्य 255 असते. उजळता 20 ने वाढवली की दोन्ही पिक्सेल 255 वर जाऊन थांबतात. आता उजळता 20 ने कमी केली तर दोन्ही 235 होतात. त्यांच्यातला पाच अंकांचा फरक कायमचा गेलेला असतो. पांढऱ्या शर्टाच्या घड्या किंवा फेट्याचा जरीकाठ असाच सपाट होतो. धूसर करणे, आकार लहान करणे, रंग बदलणे यांतही हेच घडते. म्हणून पिक्सेलच्या कामात जुने पिक्सेल साठवून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

ही साठवण किती जागा घेते हे एका फ्लेक्सच्या हिशेबावरून कळेल. 10 फूट रुंद आणि 8 फूट उंच फ्लेक्स इंचाला 72 पिक्सेल या प्रमाणात तयार केला तर चित्र 8,640 बाय 6,912 पिक्सेलचे होते, म्हणजे सुमारे 5.97 कोटी पिक्सेल. सीएमवायके या छपाईच्या चार रंगांच्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट लागतात. त्यामुळे एकच थर (लेयर) असला तरी चित्र सुमारे 23.9 कोटी बाइटचे, म्हणजे जवळपास 239 एमबीचे होते. प्रत्येक पायरीला पूर्ण चित्राची प्रत काढली तर 20 पायऱ्यांना सुमारे 4.8 जीबी स्मृती लागेल. 8 जीबी रॅमच्या संगणकाला हे झेपणारे नाही. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचे 12 बाय 36 इंचांचे एक पान इंचाला 300 पिक्सेलने केले तरी ते 3.89 कोटी पिक्सेलचे होते. अल्बममध्ये अशी अनेक पाने असतात.

यावरचा उपाय म्हणजे चित्राचे लहान चौकोनी तुकडे करणे आणि जो तुकडा बदलला तेवढ्याचीच जुनी प्रत ठेवणे. चित्र 64 बाय 64 पिक्सेलच्या तुकड्यांत विभागले आहे असे धरू. चेहऱ्यावरचा एक डाग काढताना 200 बाय 200 पिक्सेलचा भाग बदलला, तर जास्तीत जास्त 25 तुकड्यांना धक्का लागतो. सीएमवायकेत असा एक तुकडा 16 किलोबाइटचा, म्हणजे साठवण 400 किलोबाइटची. 239 एमबीच्या तुलनेत ही नगण्य आहे. पण संपूर्ण चित्राला फिल्टर लावला किंवा आकार बदलला की सगळेच तुकडे बदलतात आणि एका पायरीलाच पूर्ण चित्राएवढी जागा लागते. डाग काढताना वेगाने चालणारा संगणक पूर्ण फ्लेक्सवर फिल्टर लावताच रेंगाळतो, त्याचे एक कारण हेच. रॅम अपुरी पडली की फोटोशॉप हा साठा डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत, म्हणजे स्क्रॅच डिस्कवर लिहिते. ती डिस्क भरली की काम अडते.

रीडू आणि हरवणारी फांदी

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पायऱ्या ताटांच्या चळतीसारख्या रचल्या जातात. सर्वांत शेवटी ठेवलेली पायरी सर्वांत आधी निघते. काढलेल्या पायऱ्या दुसऱ्या चळतीत जातात आणि रीडू केल्यावर तिथून परत येतात. यातला महत्त्वाचा नियम असा की पाच पायऱ्या मागे जाऊन एखादा नवा बदल केला की मागे घेतलेल्या त्या पाच पायऱ्या पुसल्या जातात. त्यानंतर रीडू चालत नाही. मागे जाऊन ‘नुसते बघायला’ केलेला एखादा ब्रशचा फटकाराही तासाभराचे काम घालवू शकतो. पाहायचेच असेल तर पाहावे, पण कशालाही हात लावण्याआधी रीडू करून पुढे यावे, ही सवय म्हणूनच मोलाची आहे.

हा नियम अटळ नाही. विम या मजकूर-संपादकाने 2006 च्या आपल्या सातव्या आवृत्तीत अनडूची झाडासारखी रचना आणली. तिच्यात मागे जाऊन नवा बदल केला तरी जुनी फांदी शिल्लक राहते. फोटोशॉपमध्येही हिस्टरी पॅनेलच्या पर्यायांत ‘नॉन-लिनियर हिस्टरी’ची सोय आहे. ती चालू केली की मधली पायरी निवडून नवे काम केले तरी नंतरच्या पायऱ्या यादीत टिकतात. त्याच पॅनेलमध्ये ‘स्नॅपशॉट’ घेता येतो. ठरावीक संख्येपलीकडच्या जुन्या पायऱ्या आपोआप गळून पडतात, पण स्नॅपशॉट फाइल उघडी असेपर्यंत राहतो. मोठा प्रयोग करण्याआधी स्नॅपशॉट घेणे हा सर्वांत कमी खर्चाचा विमा आहे.

चळतीच्या रचनेची खरी अडचण फ्लेक्सच्या दुकानात दिसते. ग्राहक ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो आणि सांगत जातो : ‘साहेबांचा फोटो मोठा कर. मागचा रंग भगवा घे. नावं खाली आण. दादांचा फोटो उजवीकडे.’ सगळे झाल्यावर तो म्हणतो, ‘मागचा रंग आधीचाच बरा होता, बाकी असंच राहू दे.’ रंगाचा बदल दुसऱ्या पायरीवरचा आहे. तिथपर्यंत मागे जायचे तर नावे आणि फोटोही मागे जातात. मधलीच एक पायरी मागे घेण्याला निवडक अनडू म्हणतात. थॉमस बर्लागे यांनी 1994 मध्ये यावर महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. अडचण अशी की नंतरचे बदल आधीच्या बदलावर अवलंबून असू शकतात. आधी काढलेले फूल मागे घेतले आणि नंतरची पायरी त्या फुलाचा रंग बदलण्याची असेल, तर त्या पायरीला अर्थच उरत नाही. म्हणून पिक्सेल-संपादनाच्या रोजच्या साधनांत निवडक अनडू सहसा दिसत नाही. ग्राहकाच्या अशा मागणीला व्यवहारात उत्तर मिळते ते थरांमधून, आणि त्याचा विचार पुढे केला आहे.

सॉफ्टवेअरगणिक फरक

या पट्ट्यातल्या दुकानांत एकाच टेबलावर वेगवेगळ्या वयाची सॉफ्टवेअर नांदतात, त्यामुळे त्यांतले फरक माहीत असणे गरजेचे आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये, उदाहरणार्थ 2002 च्या 7.0 मध्ये, ‘कंट्रोल झेड’ एकदा दाबल्यावर शेवटचा बदल जातो आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर तोच परत येतो. सलग मागे जाण्यासाठी ‘कंट्रोल ऑल्ट झेड’ दाबावे लागते. ऑक्टोबर 2018 मध्ये आलेल्या सीसी 2019 पासून हे बदलले. आता ‘कंट्रोल झेड’ सलग मागे नेते, ‘कंट्रोल शिफ्ट झेड’ पुढे आणते आणि ‘कंट्रोल ऑल्ट झेड’ शेवटच्या दोन अवस्थांमध्ये आलटून-पालटून नेते. जुन्या संगणकावर शिकलेल्याचा हात नव्या संगणकावर चुकतो तो यामुळे. शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये जुनी पद्धत परत निवडण्याची सोय ठेवलेली आहे.

पायऱ्यांची संख्याही वेगवेगळी आहे. फोटोशॉपमध्ये पूर्वी मुळात 20 पायऱ्या मिळत, पुढे त्या 50 झाल्या, आणि सेटिंगमधून त्या 1,000 पर्यंत वाढवता येतात. ब्रशचा प्रत्येक फटकारा ही एक पायरी धरली जात असल्याने केस किंवा चेहरा साफ करताना 20 पायऱ्या मिनिटभरात संपतात. विंडोज एक्सपीमधल्या पेंटमध्ये तीनच पायऱ्या मागे जाता येई, विंडोज 7 मध्ये ती संख्या 50 झाली. कोरलड्रॉमध्ये रेषा-अक्षरांच्या नेहमीच्या कामासाठी वेगळी आणि फोटोवरच्या इफेक्टसाठी वेगळी संख्या ठरवता येते. इफेक्टची मूळ संख्या मुद्दाम फार लहान ठेवलेली असते, कारण त्यांना जागा जास्त लागते. फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्ये किमान पायऱ्या आणि कमाल स्मृती अशा दोन मर्यादा एकत्र चालतात. रीडूसाठी गिम्प आणि पेंटमध्ये ‘कंट्रोल वाय’, तर कोरलड्रॉमध्ये ‘कंट्रोल शिफ्ट झेड’ आहे.

ड्रॉइंगसाठी कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या ऑटोकॅडमध्ये ‘ऊप्स’ नावाची स्वतंत्र आज्ञा आहे. शेवटच्या वेळी खोडलेल्या आकृत्या ती परत आणते, आणि मधल्या काळात केलेले इतर काम तसेच राहते. निवडक अनडूचा हा छोटा पण रोजच्या वापरातला नमुना आहे.

जे परत फिरत नाही

अनडूची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे तिचे आयुष्य. फोटोशॉप, कोरलड्रॉ, गिम्प या सगळ्यांत फाइल बंद केली की पायऱ्यांचा साठा नष्ट होतो. तो फाइलमध्ये साठवला जात नाही. सकाळी फाइल पुन्हा उघडल्यावर कालच्या एकाही पायरीवर जाता येत नाही. वीज गेली किंवा सॉफ्टवेअर अडकून बंद पडले तरी हेच होते. फोटोशॉपमध्ये ‘हिस्टरी लॉग’ चालू करून कोणकोणत्या कृती केल्या याची लेखी नोंद ठेवता येते. पण ती फक्त नोंद असते, तिच्यावरून चित्र मागे नेता येत नाही.

दुसरी मर्यादा फाइलच्या प्रकाराची. 1992 मध्ये प्रमाणित झालेली जेपेग पद्धत चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करून त्यांतला बारीक तपशील कमी करते. थर मोडून जेपेग केली आणि फाइल बंद केली की थर गेले आणि तपशीलही गेला. तीच जेपेग पुन्हा-पुन्हा संपादित करून साठवली तर प्रत खालावत जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो तर येण्याआधीच लहान आणि दाबलेला असतो. त्यातून गेलेला तपशील कोणतीही आज्ञा परत आणू शकत नाही. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवणे एवढाच उपाय आहे.

तिसरी मर्यादा रंगपद्धतीची. पडद्यावरच्या आरजीबी चित्रातले भडक निळे आणि पोपटी हिरवे सीएमवायकेत बसत नाहीत. रूपांतर करताना ते मंद होतात. फाइल साठवून बंद केल्यावर पुन्हा आरजीबी केले तरी जुनी झळाळी येत नाही.

चौथी मर्यादा मराठी डीटीपीच्या कामात रोज भेटते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर छपाईच्या ठिकाणी तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन दिसतो. म्हणून फाइल पाठवण्याआधी कोरलड्रॉमध्ये ‘कंट्रोल क्यू’ दाबून अक्षरांचे कर्व्ह केले जातात. आता अक्षरे ही अक्षरे न राहता नुसत्या आकृत्या होतात. फाइल उघडी असेपर्यंत अनडूने ती परत मिळतात, बंद केल्यावर नाही. त्यानंतर कोणाच्या आडनावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली तर तो शब्द नव्याने टाइप करून, त्याच मापात, त्याच जागी बसवावा लागतो. दशक्रिया विधीच्या फलकावरच्या नावात अशी चूक राहिली तर घरच्यांच्या मनाला ती किती लागते, हे या धंद्यात वेगळे सांगावे लागत नाही. कर्व्ह केलेली फाइल नेहमी वेगळ्या नावाने साठवावी, हा नियम त्यामुळे मोडता कामा नये.

शेवटची मर्यादा छपाईची. शाई फ्लेक्सवर उतरल्यावर मागे जाणे नसते. नवा फ्लेक्स छापावा लागतो आणि जुना कचऱ्यात जातो.

मूळ न बदलता संपादन

अनडूच्या या मर्यादांवर गेल्या तीस वर्षांत सापडलेले सर्वांत भक्कम उत्तर म्हणजे मुळातले पिक्सेल न बदलणे. फोटोशॉपमध्ये 1994 च्या 3.0 आवृत्तीत थर आले, 1996 च्या 4.0 मध्ये अ‍ॅडजस्टमेंट लेयर आले, 2005 च्या सीएस2 मध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट आणि 2007 च्या सीएस3 मध्ये स्मार्ट फिल्टर आले. या प्रत्येक टप्प्याने एकेक कायमचा बदल ऐच्छिक केला. उजळता वाढवायची तर ती वरच्या वेगळ्या थरात सूचना म्हणून राहते. खालचे 245 आणि 250 तसेच राहतात. थराचा डोळा बंद केला की बदल दिसेनासा होतो, आणि तो महिन्यानेही बंद करता येतो, कारण थर फाइलमध्ये साठवले जातात. भाग खोडून टाकण्याऐवजी मास्क लावला तर खोडलेला भाग केव्हाही परत आणता येतो.

फ्लेक्सच्या ग्राहकाचे ‘रंग आधीचाच, बाकी असंच’ हे म्हणणे इथे सहज पुरे होते. मागचा रंग, प्रत्येक फोटो, प्रत्येक नाव वेगवेगळ्या थरावर असेल तर एका थराला हात लावला तरी बाकीचे हलत नाहीत. निवडक अनडू जे काम नीट करू शकत नाही ते काम थरांची नीट मांडणी करून देते. थरांना नावे देण्यात दोन मिनिटे जातात. पण ग्राहक चौथ्यांदा मत बदलतो तेव्हा ती दोन मिनिटे वसूल होतात.

2007 मध्ये आलेले लाइटरूम याच दिशेने आणखी पुढे गेले. त्यात मूळ फोटोच्या फाइलला हातच लागत नाही. केलेल्या सर्व सूचना कॅटलॉगमध्ये राहतात आणि त्यांचा इतिहास सॉफ्टवेअर बंद केल्यावरही टिकतो. लग्नाचे शेकडो फोटो हाताळणाऱ्या छायाचित्रकाराला याचा मोठा आधार मिळतो. मोबाइलवरच्या स्नॅपसीडमध्येही केलेल्या संपादनांची यादी उघडून मधली पायरी बदलता येते. गिम्पला ही वाट उशिरा मिळाली. मार्च 2025 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीत लावल्यानंतरही बदलता येणारे फिल्टर आले. ज्या दुकानाला किंवा शाळेला महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

अनेकांनी एकाच वेळी एकाच फाइलवर काम करण्याची ऑनलाइन साधनेही आता रुळली आहेत. त्यांत अनडूचा नवा प्रश्न येतो : ‘शेवटचा बदल’ कोणाचा? सर्वसाधारण उत्तर असे ठरले आहे की प्रत्येकाच्या अनडूने त्याचा स्वतःचाच शेवटचा बदल मागे जावा, सहकाऱ्याचा नव्हे. अतुल प्रकाश आणि मायकेल निस्टर यांनी 1994 मध्येच या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी केली होती.

पुसलेले परत येते तेव्हा

आतापर्यंत विचार झाला तो हवे ते परत न येण्याचा. कारखान्यांत याच्या उलट धोकाही तेवढाच गंभीर असतो. जे नको म्हणून कापले किंवा झाकले ते दुसऱ्या कोणाला परत आणता येणे, हा तो धोका. ड्रॉइंगचा किंवा यंत्राच्या पडद्याचा फोटो पुरवठादाराला पाठवताना ग्राहक-कंपनीचे नाव, भाग-क्रमांक किंवा माप कापून टाकले जाते. पण वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. ‘कापलेले भाग काढून टाका’ हा पर्याय वापरला तरच तो जातो. ड्रॉइंगवर ठेवलेला काळा चौकोन हा वेगळा थर असेल तर तो सरकवला की खालचे माप दिसते.

मार्च 2023 मध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्यूकॅनन यांनी उघडकीस आणलेला ‘अक्रोपॅलिप्स’ हा दोष याचे जगभर गाजलेले उदाहरण आहे. गूगल पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या साधनात क्रॉप केलेला स्क्रीनशॉट जुन्या फाइलवरच लिहिला जाई. नवी फाइल लहान असली तरी जुन्या फाइलची शेपटी मागे शिल्लक राही आणि तिच्यातून कापलेला भाग बऱ्याच अंशी परत मिळवता येई. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही कंपन्यांनी दुरुस्त्या दिल्या, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली जगभर पसरलेल्या होत्या. बाहेर पाठवायचे चित्र सर्व थर एकत्र करून, नव्या नावाने, नव्या फाइलमध्ये निर्यात करावे, हा यातला धडा आहे.

गुणवत्ता विभागाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सदोष भागाचा फोटो हा पुरावा असतो. त्यावर थेट वर्तुळ आणि बाण काढून तीच फाइल साठवली तर वर्तुळाखालचा पृष्ठभाग नंतर तपासता येत नाही. ग्राहकाने हरकत घेतली तर दाखवायला मूळ फोटो उरत नाही.

सुधारणा-क्रमांकाची शिस्त

चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांत ड्रॉइंगच्या बाबतीत जुनी अवस्था जपण्याचा हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला गेला आहे. प्रत्येक ड्रॉइंगच्या शीर्षक-चौकटीत सुधारणेचे अक्षर किंवा क्रमांक असतो. बदल करायचा तर बदल-पत्र निघते, नवी सुधारणा लागू होते आणि जुनी प्रत कालबाह्य म्हणून बाजूला काढली जाते, पण नोंदीत राहते. आयएसओ 9001 हे मानक दस्तऐवजांतले बदल आणि त्यांच्या आवृत्त्या नियंत्रणात ठेवण्याची अट घालते. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 लाही याच मानकाचा पाया आहे. ड्रॉइंग कोणत्या अवस्थेत होते आणि केव्हा बदलले हे कोणाच्या आठवणीवर किंवा उघड्या फाइलमधल्या अनडूवर सोडलेले नसते.

याच पट्ट्यातल्या चित्रांच्या फाइली मात्र ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘नवीन फायनल’ अशा नावांनी फोल्डरमध्ये पडलेल्या दिसतात. त्यांतली खरी कोणती हे ती करणाऱ्यालाही महिन्याने सांगता येत नाही. अनडूवरचा जास्तीचा भरवसा याच्या मुळाशी आहे. अनडू ही बसल्या बैठकीपुरती स्मृती आहे. ती कितीही पायऱ्यांची केली तरी नोंद होऊ शकत नाही. तिचे काम प्रयोगाला धीर देण्याचे आहे आणि ते ती उत्तम करते. काम टिकवण्याची जबाबदारी मात्र तीन गोष्टींची आहे : न बदललेले मूळ, थरांसह साठवलेली कामाची फाइल आणि तारीख व क्रमांक घातलेल्या आवृत्त्या.

फ्लेक्स आणि डीटीपीच्या दुकानांनी, स्टुडिओंनी आणि कारखान्यांच्या गुणवत्ता विभागांनी प्रत्येक कामासाठी ‘मूळ’, ‘काम’ आणि ‘छपाई’ अशी तीन फोल्डर ठेवावीत. मूळ फाइल उघडल्याबरोबर तिची प्रत करून त्या प्रतीवरच काम करावे. कर्व्ह केलेली, थर मोडलेली किंवा जेपेग केलेली फाइल कामाच्या फाइलवर कधीही साठवू नये. ग्राहकाने मान्य केलेल्या प्रत्येक टप्प्याला तारीख आणि क्रमांक द्यावा. डीटीपी शिकवणाऱ्या संस्थांनी ‘कंट्रोल झेड’ शिकवण्याच्या पहिल्याच दिवशी ही शिस्तही शिकवावी. यासाठी नवे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही, आज दुकानात जे आहे त्यावर उद्यापासून ते सुरू करता येते.